लोहकेळीवाल्या आबासरांना

प्रिय आबासर,

पत्रास कारण की, तुम्ही चुकलात.

आधी बसा. खुर्ची ओढून घ्या, चष्मा पुसा, आणि "कोण म्हणतं?" असं ओरडू नका, कारण मीच म्हणतेय. तुमची शोभा. तुमच्या हाताखाली पीएचडी केलेली, तुमची बोलणी खाल्लेली, आणि आता धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची विभागप्रमुख म्हणून तीच बोलणी पुढच्यांना वाढणारी.

येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही एक शोधनिबंध पाठवतोय. त्यात तुमचा आयुष्यभराचा शोध खोटा ठरतो. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तुम्ही पिंडाला कावळासुद्धा शिवू दिला नसता. म्हणून म्हटलं, आपणच कळवावं.

आता शांतपणे ऐका. मध्ये बोलू नका. तुम्हाला हे जमणार नाही, पण प्रयत्न करा.

केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जात नाही, हे आपल्या खान्देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण डाग पडतो तो तपकिरी. तुमच्या चोपड्याजवळच्या शेतातून जो चीक जळगावला तुमच्या प्रयोगशाळेत यायचा, त्यात सुती कापड बुडवलं की ते मात्र काळंभोर व्हायचं. वर दुसरं काही घालायला नको, उकळायला नको! तुम्ही चीक तपासला तर त्यात लोह निघालं. थोडंथोडकं नाही, भरपूर. मग तुम्ही जगाला सांगितलं की तापीकाठची केळ आपल्या काळ्या जमिनीतून लोह ओढते आणि चिकात साठवते. 'लोहकेळी' हे नावही तुम्हीच ठेवलंत.

काय मिरवलो हो आपण तेव्हा! चोपड्यात एका गाडीवाल्याने 'लोहयुक्त केळी, रक्त वाढवा' अशी पाटी लावली होती. चिकातलं लोह फळात येत नाही, हे तुम्ही त्याला भर उन्हात उभं राहून समजावलंत. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, तुम्हाला डझनभर केळी बांधून दिली आणि पाटी तशीच ठेवली.

आणि ती एसटीतली बरणी! नाना, म्हणजे तुमचे थोरले भाऊ, शेतातून चिकाची बरणी सकाळच्या गाडीने कंडक्टरच्या हाती पाठवायचे. एकदा ती फुटली, आणि फुटली तीही कुठे, तर लग्नाला निघालेल्या एका वरबापाच्या मांडीवर. नवंकोरं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत काळं. तो माणूस जळगाव स्टँडवर तुमची वाटच बघत होता. आम्हाला वाटलं, सर माफी मागतील. तुम्ही खिशातून कात्री काढलीत आणि म्हणालात, "एक तुकडा कापून देता का? नमुना म्हणून." त्या दिवशी तुम्हाला मी आणि कंडक्टरने मिळून वाचवलं. नंतर तुम्ही माझ्यावरच चिडलात, की नमुना राहून गेला.

मग पत्रं यायला लागली. दक्षिणेतून आली, जपानातून आली. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आमच्या केळीत एवढं लोह सापडत नाही. तुम्ही प्रत्येकाला उत्तर लिहिलंत, "त्याला आमची माती लागते." आम्हालाही ते पटलं. आपल्या मातीचं कौतुक कोणाला पटत नाही?

तसं तुम्हाला सहजासहजी काही पटायचं नाही, हे मान्य. "पटत नही. परत कर." हे मी किती वेळा ऐकलंय! दर हिवाळ्यात नानांच्या शेतात भरीत पार्टी व्हायची, ती तर तुम्ही आमची शिक्षाच करून टाकली होती. ज्याचा नवा निष्कर्ष, त्याने पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची. बाकीच्यांनी गोल करून बसायचं आणि त्याच्या कामात खोड काढायची. धूर डोळ्यांत, चटका बोटाला, आणि वरून आमच्यातल्या थोरल्या रवींद्रचे प्रश्न! वांगी भाजताना माणसाला लबाड उत्तर सुचत नाही, असा तुमचा सिद्धांत. त्या जाळापाशी जो टिकला, त्याचाच निबंध पुढे जायचा. मी तिथे दोनदा रडले आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "वांगं करपतंय, शोभा."

खरं सांगते, तुम्ही स्वतःलाही सोडलं नाहीत. लोहकेळीवर तुम्ही दरवर्षी स्वतः वांगी भाजायला उभे राहायचात. आम्ही पाण्यावर शंका घेतली, काचेवर घेतली, कापडावर घेतली, तुमच्या चष्म्याच्या नंबरावरही घेतली. तुम्ही सगळ्यांना पुरून उरलात.

एकच गोष्ट कोणी विचारली नाही. झाड कापल्यापासून बरणी भरेपर्यंत चीक कुठे असतो?

विचारणार कसं? तिथे नाना होते. शेजारी खाटेवर बसलेले. शेत त्यांचं, वांगी त्यांची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी त्यांच्या घरून आलेल्या. त्यांना कोण विचारणार, "नाना, तुम्ही चीक कशात धरता?" पाहुण्याने यजमानाला विचारावं का, की तुमच्याकडे भांडी घासतात ना?

आणि तुम्ही तर त्यांचे धाकटे भाऊ.

आता हेमांगीबद्दल. ही माझी विद्यार्थिनी तुम्ही पाहिली नाहीत. शिंदखेड्याची आहे. तोंडाने फटकळ, हाताने अतिशय नेटकी. तिला मी तुमचाच विषय दिला, मोठ्या अभिमानाने. नेमका नानांचा गुडघा गेला आणि चीक काढायला ही स्वतः शेतात जाऊ लागली. स्टीलची सुरी, काचेचं भांडं, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. आणि तिचं कापड निघालं चहाच्या रंगाचं!

मी काय केलं असेल? बरोबर. म्हटलं, परत कर. तिने परत केलं. पुन्हा चहा. मी म्हटलं, तुझ्या हातात दोष आहे. पोरगी बिचारी कॉलेजच्या जिन्यावर बसून रडली, मग डोळे पुसून थेट नानांच्या घरी गेली. त्यांच्याशी ती तिच्या-त्यांच्या अहिराणीतच बोलते.

"नाना, तुम्ही चीक कशामा धरेत?"

"घमेलामा. दुसरं कशामा धरानं?"

"अन् मंग?"

"मंग रातभर ठेवानं. आबाले गाळ नको ऱ्हास ना! सकायले वरनं वरनं बरनीमा वती देवानं."

लोखंडी घमेलं, आबासर. विहीर खणली तेव्हाचं. बाहेरून गंजलेलं, आतून काळं. चिकात असतं टॅनिन. ते रात्रभर लोखंड खात बसायचं आणि सकाळी तुमच्या चिनी मातीच्या, आम्लाने धुतलेल्या, कोणालाही हात लावू न दिलेल्या बरणीत जायचं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या रंगाऱ्याने सांगितलं असतं. तुम्ही स्वतः ते बीएस्सीच्या पहिल्या वर्गाला शिकवायचात!

हेमांगीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली. मला तुमची आठवण आली नाही, खोटं कशाला बोलू? मला माझा प्रबंध आठवला. 'हिवाळ्यात चिकातील लोहाचे प्रमाण वाढते' हे माझं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. थंडीत मुळ्या जास्त लोह ओढतात, असं तुम्ही त्यावर म्हणाला होतात आणि मी ते आलेखासकट सजवलं होतं.

हेमांगीने मग एकाच झाडाचा चीक अर्धा काचेत आणि अर्धा घमेल्यात ठेवून पाहिला. काचेतला चहा, घमेल्यातला काजळ. मी तिला ते इतक्या वेळा परत करायला लावलं, की तिने मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते मला माहीत आहे. मी तुम्हाला तेच म्हणायचे.

मी रवींद्रला कळवलं. तुमचा पहिला विद्यार्थी आणि आमचा सगळ्यांचा दादा. आता गुजरातेत रंगाच्या कारखान्यात मोठा साहेब आहे. ऐकून तो म्हणाला, "शोभा, गेलेल्या माणसाच्या चुका काढायच्या नसतात. आणि मी पितळी पाटी करायला टाकलीय."

पाटी म्हणजे तुमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या दारावर वर्षश्राद्धाला लावायची. 'लोहकेळीचे जनक' वगैरे.

"मग या मुलीचं काय करू?" मी विचारलं.

"दुसरा विषय दे."

दुसरा विषय दे! सांगायला काय जातं? तिची वर्षभराची फेलोशिप संपत आलीय. घरचे स्थळं बघतायत. विषय बदलायचा म्हणजे तिने बॅग भरून शिंदखेड्याला जायचं आणि तुमच्या पाटीखातर जन्मभर असं समजायचं, की आपलेच हात वाईट होते. एकीकडे तुमचं नाव, दुसरीकडे तिचं आयुष्य, आणि मध्ये मी! फार राग आला मला तुमचा, आबासर. गेलात ते गेलात, आणि हे निस्तरायला मला ठेवलंत. एखादा प्रश्न भावाला विचारला असता तर काय बिघडलं असतं?

शेवटी रवींद्रला म्हटलं, असं करू. भरीत पार्टी ठेवू. तुम्ही गेल्यावर ती बंदच होती. ही पोरगी वांगी भाजेल. तुम्हा सगळ्यांना जेवढ्या खोडी काढायच्या तेवढ्या काढा. तिथे पडली तर विषय बदलते, टिकली तर पाठवते. तो म्हणाला, "पडेलच."

आणि काय सांगू, सगळे आले! कारखान्यांतले, कॉलेजांतले, रिटायर झालेले, पोटं सुटलेले. जर्मनीतला सुभाष फोनवर होता, फोन कडुलिंबाच्या बेचक्यात टेकवलेला. नाना गुडघ्याला पट्टा बांधून खाटेवर. तुमचं नाव वाचवायला माणसं जी तुटून पडली, ती तुम्ही बघायला हवी होती. तुमच्या हयातीत एवढी तयारी करून कोणी येत नव्हतं. एकाने तर स्वतःच्या शेतातून मातीचे नमुने आणले होते.

हेमांगी ओढणी कमरेला खोचून जाळापाशी उभी. प्रश्न आला की वांगं फिरवायची आणि उत्तर द्यायची. माती? तपासली. पाणी? तपासलं. हंगाम? तपासला. केळीची जात? तीही. रवींद्र इरेला पेटला. "हे आता झालं म्हणून आधीही तसंच झालं असेल, हे कशावरून?"

तिने चिमटा माझ्याकडे वळवला. "मॅडमच्या प्रबंधावरून. त्यात हिवाळ्यात लोह वाढतं." मग खाटेकडे वळून विचारलं, "नाना, थंडीमा बरनी कव्हय भरेत तुम्ही?"

"थंडीमा कोन उठस इतला सकायमा?" नाना म्हणाले. "ऊन पडनं म्हंजे भरानी."

झालं! नाना पांघरुणात जितके जास्त लोळायचे, तितकं माझं लोह वाढायचं. सगळे माझ्याकडे बघून असे हसले, की लिंबावरचा फोनही हसायला लागला. सुभाष म्हणत होता, "अरे, मला इकडे तो काळा रंग कधीच मिळाला नाही! मला वाटलं, माझीच भांडी घाण. ती स्वच्छ करता करता माझी अख्खी प्रयोगशाळा त्याच कामासाठी नावाजली!" हे मात्र खरं आहे, आबासर. आज त्याच्याकडे लोक देशोदेशीहून धातूचा अंश तपासायला शिकायला येतात. रवींद्रने लोहकेळीच्या चिकात धागा रंगवता रंगवता त्या धाग्याने सांडपाणी गाळायची युक्ती काढली. ती युक्ती चालते, लोह असो वा नसो. तुमच्या चुकीतून या लोकांनी केवढी बरोबर कामं उभी केली! याचा राग करावा की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रवींद्र उठला आणि विहिरीकडे जाऊन आला. डोळे लाल. म्हणाला, धूर लागला. धूर उलट्या बाजूला जात होता. येऊन त्याने हेमांगीच्या हातातून चिमटा घेतला आणि तिला सांगितलं, "बस तू. जेव आता."

मला धास्ती होती ती नानांची. ते इतका वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"म्हंजे तो काळा रंग मना घमेलाना व्हता का?"

"हो, नाना."

"मंग आबानी जिंदगीभर मना घमेलावरच लिखं का?"

आणि नाना असे हसले, की खाट करकरायला लागली. सगळेच हसले. मग हसता हसता ते थांबले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "त्यानी इचारं नही, मी सांगं नही." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. आणि रडले, आबासर. लहान मुलासारखे, सगळ्यांच्या देखत. "इचारं ऱ्हातं ते सांगं ऱ्हातं ना वं, माय."

तुम्ही का विचारलं नाहीत, ते मला तेव्हा कळलं. नाना शेतात राहिले म्हणून तुम्ही शाळेत गेलात. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की ते तुम्हाला खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचे, हे तुम्हीच सांगायचात. जगातल्या प्रत्येकाचा निष्कर्ष तुम्ही उलटून पालटून पाहिलात, पण त्या माणसाने पाठवलेली बरणी तुम्ही प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतलीत. चूक ती चूकच. पण माझा राग तिथेच संपला.

आता निबंधावर नावं कोणाची, यावर परत भांडण. पहिलं हेमांगीचं, मग माझं. रवींद्र म्हणाला, सरांचं नाव आभारात घालू. तर नाना घमेलं देईनात! त्याचा गंज आम्हाला तपासायला हवा होता आणि हे त्यावर हात ठेवून बसले. "चूक आबानी शे ना? मंग नाव बी आबानंच जोयजे." तेव्हा तुमचं नाव तिसरं आहे, पुढे दिवंगत असल्याची खूण. स्वतःचा शोध खोडून काढणाऱ्या निबंधाचे तुम्ही लेखक आहात. आहे की नाही गंमत? पाटीही बदलली. आता तिच्यावर फक्त नाव आणि त्याखाली 'रसायनशास्त्राचे शिक्षक'. पितळ घासून पुन्हा कोरताना कारागीर फार वैतागला म्हणे.

संपादकांचा नियम आहे, की सगळ्या लेखकांनी निबंध वाचलाय आणि तो त्यांना मान्य आहे, असं सहीनिशी कळवायचं. तुमच्या वतीने अक्कांनी, तुमच्या पत्नीने, सही केली. त्यांना मी निबंध वाचून दाखवायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे. इतकी वर्षं त्यांच्या शर्टावरचे डाग घासले, तेव्हा कधी माझं ऐकलं नाही. आता माझीच सही चालते ना? आण पेन."

हेमांगी राहतेय. तिच्या वडिलांना मी स्वतः जाऊन भेटले. आणि तुम्हाला एक शब्द देते. उद्या कोणी हेमांगीलाही खोटं ठरवायला आलं, माझा उरलासुरला प्रबंधही मोडायला आलं, तर मी त्याला दुसरा विषय देणार नाही. वांगी देईन हातात, समोर बसेन आणि शेवटपर्यंत ऐकून घेईन.

अक्कांची सही कागदावर झाली, पण माझं मन भरत नाही. निबंध जायचा असला की त्या दिवशी पहाटे पाचला तुमचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही, एकदम "पान चार, खालून दुसरी ओळ." मी अंथरुणात बसून डोक्याला हात लावायचे. सोमवारी मी पाचच्या आधीच उठून बसणार आहे. निबंध मी अनेकदा वाचलाय, मला त्यात काही सापडत नाही. पण काहीतरी राहिलं असेलच हो, आबासर. एवढी एक खोड काढा ना.

तुमची,
शोभा